ओट्यावरचं तांबं-पितळ

स्वयंपाकघर सजवायला महागड्या टाइल्स लागत नाहीत. आधी माळ्यावर बघा. आजीचा पोचा आलेला तांब्या, कल्हई उडालेलं पातेलं तिथे नक्की सापडेल. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतात, म्हणून ते रांधायला नको. पण झारे-पळ्या उभ्या ठेवायला तांब्या उत्तम. पातेल्यात कढीपत्त्याची कुंडी बसते.

घरात काही नसेल, तर बुधवारी किंवा रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारात चक्कर मारा. नवीनच हवं असेल, तर कसबा पेठेतली तांबट आळी आहे. तिथल्या मठारकामाचे एकसारखे ठोके नुसती शोभा नसतात. ठोक्यांनी पत्रा कडक होतो. असं एकच भांडं घ्या, पण हाताने ठोकलेलं घ्या.

मांडणी मात्र शेगडीपासून लांब करा, नाहीतर फोडणीचा तेलकट थर बसतो. काळवंडलं की चिंच-मीठ चोळायचं, धुऊन लगेच कोरडं पुसायचं; पाणी राहिलं की डाग पडतात.

आणि साधी वस्तू किती देखणी असू शकते, हे बघायला मुलांना घेऊन केळकर संग्रहालयात जाच. तिथले अडकित्ते आणि दिवे सावकाश बघा.