शिवारातले धन आणि मुलांचे ताट
(महोत्सव समारंभातील भाषण)



पावसाळ्यात आपल्या उदयनगरच्या परिसरात सोयाबीनची शेते हिरवीगार डोलतात. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत सुमारे २२. इतके धन शिवारात पिकत असता वर्गातली काही मुले दुपारीच का कोमेजावीत, असा प्रश्न आम्हा शिक्षकांना पडतो. पोती बाजारात जातात, तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांना जाते, आणि मुलाच्या ताटात पोळी व पाणीदार वरण तेवढे उरते.

शरीराची वाढ, जखम भरणे, रोगाशी झुंज ही कामे प्रथिनांवाचून होत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे पन्नास किलोच्या माणसास सुमारे ४२ ग्रॅम. वाढत्या मुलांना व गर्भवतीस वजनाच्या मानाने अधिक.

गहू-मक्यात जो अंश उणा, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून पोळीबरोबर दाट वरण, उसळ, मूठभर दाणे द्यावेत. चालत असेल तेथे अंडे, नाही तेथे दूध-ताक. सोयाबीन कच्चे मात्र खाऊ नये. ते नीट भाजून, नऊ किलो गव्हात एक किलो घालून दळावे. औषध लावलेले बियाणे मात्र खाण्यात कधीही येऊ देऊ नये.

माताभगिनींनो, यंदा पोती विकण्यापूर्वी घरच्यासाठी थोडे बाजूला ठेवा. धडे आम्ही शिकवू. ते पेलण्याचे बळ आपल्या चुलीवरूनच यावयाचे आहे.