चित्राचा विवर्धक



दूरचित्रवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रक्षेपित होणारे चित्र जुन्या संचाच्या काचेवर उमटे, तेव्हा त्यातील प्रत्येक छटा पिक्चर ट्यूबमधील इलेक्ट्रॉनांच्या झोताच्या तीव्रतेवर अवलंबून असे. आणि ही तीव्रता कमी-अधिक करण्याचा अखत्यार ज्याच्याकडे सोपविलेला असे, त्या व्हिडिओ अ‍ॅम्प्लिफायरविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अँटेनाने पकडलेल्या लहरींतून वेगळा काढलेला चित्रसंदेश जेमतेम दोन-तीन व्होल्टांचा असे. झोत पुरता विझविण्यास आणि पुरता उजळविण्यास मात्र ट्यूबच्या कॅथोडवर शंभरेक व्होल्टांचा चढउतार लागे. एवढी वाढ करणे ही काही मोठी मातब्बरी नव्हती. खरी अडचण वेगाची होती. आपल्या तेव्हाच्या ६२५ रेषांच्या पद्धतीत एक रेषा ६४ मायक्रोसेकंदांत आटोपे, आणि तेवढ्या अवधीत निवेदिकेच्या केसांपासून साडीच्या काठापर्यंतचा सारा तपशील हजर व्हावा लागे. त्यासाठी सेकंदास ५० लाख आवर्तनांपर्यंत मजल मारावी लागे. ध्वनीचे काम वीस हजारांत भागते.

कॅथोड, तारा आणि ट्रान्झिस्टर यांची मिळून वीसेक पिकोफॅरड धारिता अनाहूतपणे जमते. विवर्धन भरपूर मिळावे म्हणून दहा हजार ओमांचा रोध योजला, तर ही धारिता भरण्यात व रिती होण्यात इतका वेळ जातो की आठ लाख आवर्तनांपुढे विवर्धन ओसरू लागते, आणि काळ्या अक्षराच्या उजवीकडे करडी शेपटी फरफटत जाते. म्हणून रोध मुद्दाम कमी करून, जादा प्रवाहाचा व उष्णतेचा भुर्दंड सोसून, उरलेली तूट पीकिंग कॉइल बसवून भरून काढण्याची तजवीज करीत. कॉइलची मात्रा अधिक झाली, की प्रत्येक कडेमागे फिकट जादा रेषा उमटतात. उलटपक्षी, संदेशातील स्थिर अंश वाटेत अडला, तर अमावास्येची रात्रही करडी दिसते.

सारांश, या पंगतीत पंक्तिप्रपंच चालत नाही: स्थिर दाबापासून ५० लाख आवर्तनांपर्यंत कोणालाही कमी वाढावयाचे नाही, आणि कोणाला उशिराही वाढावयाचे नाही. निरनिराळ्या स्वरांना लागलेला किंचित कमी-जास्त विलंब कान सहसा मनावर घेत नाही. डोळा मात्र असली कसूर माफ करीत नाही. म्हणून त्या काळी संचाची पारख करताना नुसत्या लख्ख उजेडावर भुलून चालत नसे. पडद्यावरील बारीक अक्षरांच्या उजव्या कडा आधी निरखाव्या लागत.