मशीन बंद, चुंबक चालू

27 जानेवारी 2018. मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटसोबत आलेला 32 वर्षांचा तरुण ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. ‘मशीन बंद आहे’ असं त्याला सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचलं. जीव गेला.

तपासणी नसतानाही हे चुंबक चालूच असतं. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट. रेडिओलहरींनी शरीर थोडंसंच तापतं; अंगावर धातू असेल तर मात्र भाजू शकतं.

ब्रह्मपुरीहून पेशंटला नागपूरला नेताना पेसमेकर, जुनं ऑपरेशन, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण आधीच सांगा. धातूचा तावीज, मंगळसूत्र, मोबाइल बाहेरच ठेवा. सोबत आत जाणाऱ्यांनीसुद्धा. आणि ‘मशीन बंद आहे’ यावर विसंबू नका.