‘विश्वामित्री’तून रीडो कालव्यावर
(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यवाहांनी आग्रह केला, ‘कॅनडात बोटीवर राहून आलात ना, मग तेच सांगा.’ आम्ही दोघंही बोलणारी माणसं नव्हेत. त्यामुळे असं ठरलं आहे की एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने शेजारी बसून चुका काढायच्या. घरीही साधारण हेच चालतं.

आमचे दादा पस्तीस वर्षांपूर्वी बडोद्याहून गेले आणि किंग्स्टनला स्थायिक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी आणि वहिनींनी एक जुना ट्रॉलर घेतला. ट्रॉलर म्हटल्यावर आम्हांला जाळी आणि बोंबिलाचा वास आठवला. तसं काही नाही. मासेमारी बोटीचं रुंद पोट आणि एकच डिझेल इंजिन, एवढंच उसनं घेतलेलं. आत दोन झोपायच्या जागा, शेगडी, फ्रीज. पळण्यासाठी नव्हे, राहण्यासाठी केलेली बोट. वहिनींनी तिचं नाव ठेवलं ‘विश्वामित्री’. तिकडच्या लोकांना ते उच्चारता येत नाही, आणि आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत म्हटल्यावर ते चेष्टा समजतात.

किंग्स्टनपासून ओटावापर्यंत रीडो कालवा जातो. लांबी २०२ किलोमीटर. पण कालवा म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जो सरळ चर येतो, तसा खोदलेला भाग जेमतेम १९ किलोमीटर. बाकी सगळ्या नद्या आणि तळी. जिथे खडकाळ धबधबे होते तिथे धरणं बांधून पाणी वर चढवलं आणि खडक बुडवून टाकले. मग एका तळ्यातून दुसऱ्यात जायला पायऱ्या हव्यात, त्या म्हणजे लॉक. बोट दगडी हौदात घालायची, मागचे दरवाजे लावायचे, वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरतो, बोट उचलली जाते, पुढचे दरवाजे उघडतात. १८३२ मध्ये कालवा खुला झाला, आणि बहुतेक लॉक आजही हाताने चालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतली कॉलेजची मुलं रहाटासारखं यंत्र फिरवून ते अवजड दरवाजे ओढतात. आम्ही दोघं पहिल्या लॉकला नुसते बघतच राहिलो, दोर धरायचा राहूनच गेला.

वेगाबद्दल विचाराल तर अरुंद भागात ताशी १० किलोमीटरची मर्यादा. संध्याकाळी दांडिया बाजारातून स्कूटर जाते तेवढाच.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्याआधीच्या उन्हाळ्यात दोघं ओटावाला जायला निघाले होते. न्यूबरोपर्यंत पोचले, तिथे वहिनींना बरं वाटेना, म्हणून परत फिरले. त्यानंतर बोट धक्क्याला बांधलेलीच. मग गेल्या वर्षी दादांचा फोन आला, ‘बोट विकणार आहे. त्याआधी एकदा ओटावा बघायचंय. एकट्याला दोर धरता येत नाहीत, तुम्ही या.’ आम्ही तिकिटं काढली. आमच्यापैकी एकाला पोहता येत नाही, हे तेव्हा सांगितलं नाही.

बोटीवर वहिनींची वही होती. साधी, रेघांची. दर लॉकला दोन-चार ओळी. किंग्स्टन मिल्स : ‘चार लॉक. हातमोजे विसरू नये.’ जोन्स फॉल्स : ‘धरण बघणे. चढ आहे, गुडघे!’ आम्ही तो चढ चढलो. जंगलात कमानीसारखं वळलेलं दगडी धरण, साठेक फूट उंच. त्या काळी उत्तर अमेरिकेत एवढं उंच धरण दुसरं नव्हतं. चॅफीज : ‘इथे पोहे केले. शेजारच्या बोटीवर वाटी दिली.’ आम्हीही पोहे केले. शेजारी बोट नव्हती, दादांनी दोनदा घेतले.

चॅफीजला एक जुनं दफनस्थान आहे. हा कालवा बांधताना सुमारे हजार माणसं मेली, त्यांत हिवतापाने गेलेले पुष्कळ. कॅनडात हिवताप! आमचाही विश्वास बसला नाही. आयर्लंडमधून आलेले गरीब मजूर आणि फ्रेंच कॅनेडियन, दलदलीत उभं राहून झाडं तोडत होते. डासांचा संबंध कुणाला ठाऊक नव्हता. तो सापडला १८९७ मध्ये, आपल्या सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस यांना. न्यूबरोला खडकही कठीण आणि तापही फार. ठेकेदारांनी काम सोडलं, ते शेवटी लष्कराच्या माणसांनी पुरं केलं. कर्नल जॉन बाय हे मुख्य अभियंता. अमेरिकेशी पुन्हा लढाई झाली तर सुरक्षित जलमार्ग हवा म्हणून कालवा काढला. लढाई झालीच नाही. बाय यांना खर्चाच्या चौकशीसाठी लंडनला बोलावून घेतलं आणि १८३६ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाचं बायटाउन म्हणजेच आजचं ओटावा, देशाची राजधानी.

न्यूबरोला वहीतली शेवटची ओळ होती : ‘उद्या पुढे.’

दादांनी वही मिटली आणि म्हणाले, ‘इथवर झालं की. परत फिरू.’ आम्ही काही बोललो नाही. काय बोलणार? दोन रात्री तिथेच धक्क्याला राहिलो. पत्ते खेळलो, खिचडी केली. तिसऱ्या दिवशी सहा वाजता इंजिनाच्या आवाजाने जाग आली. दादा सुकाणूवर होते. म्हणाले, ‘वही घ्या. आता तुम्ही लिहा.’

न्यूबरोच्या पलीकडचं अप्पर रीडो हे सगळ्यांत उंचावरचं तळं. किंग्स्टनपासून इथवर सुमारे ५० मीटर चढ, इथून ओटावा नदीपर्यंत ८३ मीटर उतार. बत्तीस नंबरच्या लॉकचं नाव पूनामली! चेन्नईजवळच्या पूनामल्लीवरून ठेवलेलं. दादा बराच वेळ त्या पाटीकडे बघत होते. वहिनी मूळच्या पुण्याच्या. त्यांनी या नावावर काय काय विनोद केले असते, याची यादी आम्ही तिघांनी मिळून केली आणि वहीत उतरवली.

मेरिकव्हिलला अपघात होता होता वाचला. उतरताना दोर कधीही बांधायचा नसतो. भिंतीवरच्या तारेभोवती नुसता फिरवून हातात धरायचा आणि पाण्याबरोबर सोडत जायचं. आमच्यापैकी एकाने (कोणी, ते आम्ही सांगणार नाही) फोटो काढायचा म्हणून मागच्या दोराला चांगली पक्की गाठ मारली. पाणी खाली, बोट दोरावर टांगलेली. एका बाजूला कलली, कप-बश्या घसरत गेल्या. वरच्या मुलीने ओरडून पाणी थांबवलं, दादांनी भाजीच्या सुरीने दोर कापला. बोट धप्पकन खाली बसली. रात्री जेवताना दादा एवढंच म्हणाले, ‘तिनेही पहिल्या वर्षी हेच केलं होतं.’ फोटो मात्र चांगला आलाय.

ओटावात संसदेच्या इमारतींशेजारून एकाखाली एक आठ लॉक उतरतात. दीडेक तास लागला. पूल आणि काठ बघ्यांनी भरलेले. शेवटचा दरवाजा उघडला आणि समोर ओटावा नदी, मोठी, तपकिरी, वाहती. दादांनी इंजिन सुरू केलं, नदीत एक वळसा घातला आणि म्हणाले, ‘बास.’

बोट या वसंतात विकली गेली. घेणाऱ्यांनी नाव बदललेलं नाही. वही दादांनी आमच्याकडे पाठवली आहे. ती आज आणली आहे, मागच्या टेबलावर फोटोंजवळ ठेवली आहे. प्रसाद घेतल्यावर हात पुसून मगच उघडा, शाईची आहे.