वडीलधाऱ्यांची दुसरी अक्षरओळख



साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा निरक्षरता हेच संकट होते. आज आमच्या राई-मुर्धे-मोर्व्याकडील अनेक वृद्ध वाचतात. परंतु छापील तेवढे खरे, हा जुना विश्वास त्यांनी भ्रमणध्वनीवरही ठेवला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळविणारे आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या मजकुरावर खूण घातली.

ती खूण आम्ही वर्गात दाखविली. एक आजी म्हणाल्या, "दोन बाण असले म्हणजे बातमी दुप्पट खरी ना?" मंडळी हसली, चूक मात्र आमची होती. खूण दाखविली, अर्थ सांगितलाच नव्हता. दोन बाण म्हणजे मजकूर अनेक हातांतून फिरला, इतकेच. मूळ लिहिणारा कोण, हे त्यावरून कळत नाही.

तरुणांनी वडिलांच्या हातून यंत्र हिसकावू नये. जवळ बसून विचारावे, "हे धाडणाऱ्याने स्वतः पाहिले काय?" पैशांची फसवणूक झाल्यास लाजेने लपवू नये, १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पुढील वर्ग रविवारी देवळाच्या ओसरीवर भरेल. चष्मा आठवणीने आणावा.