ट्रेलर मागे घेताना

मालाने भरलेला लांब ट्रेलर गोदामाच्या फाटकात मागे मागे शिरू लागला की रस्ता अडतो आणि खोळंबलेली मंडळी हॉर्न वाजवू लागतात. त्या क्षणी चालकाला केवढे अवधान राखावे लागते, याची कल्पना त्यांपैकी थोड्यांनाच असते. आज त्या कसबाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथून ४० फूट लांब व ८ फूट रुंद अशा पोलादी पेट्या, म्हणजे कंटेनर, ट्रेलरवर लादून दूरदूरच्या शहरांत जातात. या ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचे पुढचे टोक ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर टेकलेले असते आणि किंगपिन नावाच्या जाड खुंटीभोवती ते फिरते. सारी अडचण या सांध्यात आहे. पुढे जाताना ट्रेलर ओढला जातो व आपोआप सरळ होतो. मागे जाताना तो ढकलला जातो, आणि मग रेसभर वाकडेपणाही वाढतच जातो.

तळहातावर काठी तोलण्याचा खेळ आपण लहानपणी खेळला असाल. काठीचा शेंडा उजवीकडे झुकवावयाचा तर हात आधी डावीकडे न्यावा लागतो, आणि ती झुकताच तो तिच्याखाली आणावा लागतो. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याची मागची बाजू उजवीकडे न्यावयाची तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवावे. पुरेसे वळण मिळताच ते उजवीकडे फिरवून पुढची गाडी ट्रेलरच्या रेषेत आणावी. नवशिक्याने हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. मग ट्रेलर ज्या बाजूस न्यावयाचा, त्याच बाजूस हात सरकवला म्हणजे झाले. आखूड काठी चटकन पडते, लांब काठी सावकाश. त्याचप्रमाणे आखूड ट्रेलर झटकन वळतो, तर लांब ट्रेलर उशिरा दाद देतो.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. यास्तव शक्य तेथे फाटक उजव्या हातास ठेवूनच मागे वळावे. ट्रेलरची कड व मागची चाके खिडकीतून दिसत राहतात. डावीकडे आरशात फार थोडे दिसते. त्याआधी खाली उतरून जागा पायी पाहावी : वरची वीजतार, गटाराचे झाकण, भिंतीचा कोपरा.

कोन फार वाढला तर दोन्ही गाड्या अडकित्त्यासारख्या मिटू लागतात. तेव्हा मागे रेटण्यात अर्थ नसतो. थांबावे, पुढे येऊन ट्रेलर सरळ करावा आणि पुन्हा आरंभ करावा. असे पुढे येणे ही हार नव्हे. जाणत्या चालकाची ती खूणच होय.

सर्वांत मोठा धोका मात्र मागे उभ्या असलेल्या क्लीनरला असतो. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा हा पोरसवदा मुलगा ट्रेलर आणि भिंत यांच्यामध्ये सापडला, तर त्याची हाक चालकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्याने आरशात दिसेल तेथेच उभे राहावे, आणि तो दिसेनासा होताच चालकाने ब्रेक दाबावा. कोणास धोका नाही याची खात्री केल्यावाचून वाहन मागे नेऊ नये, असे २०१७ चे वाहनचालनाचे नियमही सांगतात.

ही खात्री करण्यास दोन-चार मिनिटे लागतात, आणि आपल्या हॉर्नमुळे नेमकी तीच मिनिटे वगळली जातात. तेव्हा, श्रोतेहो, पुढल्या वेळी वाट अडली तर हॉर्नवरचा हात क्षणभर आवरावा. ट्रेलरमागे कोणाचा तरी मुलगा उभा असतो.