वार्धक्यातील पडणे आणि डोक्याचे स्कॅन



पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात, न्हाणीघरात अथवा मंदिराच्या ओल्या पायरीवर एखादे वृद्ध गृहस्थ घसरतात. उठतात, धोतर झटकतात आणि 'काही लागले नाही' म्हणतात. घरची मंडळी निश्चिंत होतात. ही निश्चिंतता मात्र नेहमीच खरी नसते.

वयोमानानुसार मेंदू आकसतो आणि त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या सूक्ष्म नीला ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानेही त्यांतील एखादी तुटते व रक्त हळूहळू साचू लागते. डोकेदुखी, विस्मरण, तोल जाणे ही लक्षणे कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर पडल्याची आठवणही कोणास राहिलेली नसते, आणि सारे काही म्हातारपणाच्या खात्यावर मांडले जाते. वास्तविक वेळीच निदान झाल्यास कवटीस लहान छिद्र पाडून असे रक्त काढता येते.

मग पडलेल्या प्रत्येक वृद्धाचे सी. टी. स्कॅन करावे काय? कॅनडातील संशोधकांनी २०२३ साली याविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. पडून इस्पितळात आलेल्या, ६५ वर्षे व त्यावरील ४,३०८ जणांपैकी १३९ जणांच्या डोक्यात रक्तस्राव आढळला. डोक्यास मार लागलेला नाही, पडल्याचा प्रसंग पूर्ण आठवतो, तपासणीत मज्जासंस्थेचा नवा दोष दिसत नाही आणि प्रकृती मुळात फारशी क्षीण नाही, म्हणजे औषधे, पैशांचे व्यवहार स्वतः सांभाळता येतात. या चारही गोष्टी जुळल्यास स्कॅन टाळता येते, असा त्यांचा निष्कर्ष. अर्थात हे डॉक्टरांनी तपासून ठरवावयाचे आहे, ओसरीवर बसून नव्हे.

गडचिरोलीसारख्या वनप्रदेशात हा निर्णय केवळ तपासणीचा नसून प्रवासाचा असतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. म्हणून चारांपैकी एकही गोष्ट संशयास्पद असेल, तर पाणी चढण्यापूर्वीच निघावे. चारही जुळत असतील, तर खड्ड्यांच्या रस्त्याने रात्रभर वृद्धास हेलकावे देण्यात शहाणपण नाही. तरीही वांत्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, हातापायांतील दुर्बलता किंवा फिट यांपैकी काहीही दिसल्यास, पडून महिना उलटला असला तरी, त्वरित इस्पितळ गाठावे. जाताना गोळ्यांची पाकिटे बरोबर असावीत. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास ती घेण्याचा वा थांबविण्याचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा.